संगणकशास्त्राचे पहिले पाठ : खडू, पाटी आणि सरकी यांच्या साहाय्याने



संगणक हा शब्द आता आपल्या तालुक्यातील लहानशा वाडीवरही नवा राहिलेला नाही. बँकेचे खातेपुस्तक, सातबाराचा उतारा, रेशनच्या दुकानातील अंगठ्याचे यंत्र आणि घरोघरचा मोबाईल यांच्या रूपाने तो मुलांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. तथापि परिचय होणे ही एक गोष्ट आणि समजणे ही दुसरी. शाळेत संगणकाचा जो तास होतो त्यातून मुलांना नेमके काय मिळते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

शाळाभेटीच्या प्रसंगी एका शाळेत चौथीच्या मुलांनी मॉनिटर, की-बोर्ड, माऊस, सी.पी.यू. ही नावे एका सुरात म्हणून दाखविली. "हे यंत्र काय करते?" असे विचारता वर्ग गप्प झाला. अखेर एक मुलगा उठून म्हणाला, "त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून कापड टाकतात." मुलाने जे पाहिले होते तेच सांगितले, त्यात त्याचा दोष नाही. जी वस्तू झाकलेलीच राहते तिच्या भागांची नावे पाठ करून घेणे म्हणजे विहीर न दाखविता पोहणे शिकविणे होय.

प्रस्तुत लेखात संगणकशास्त्राचे पहिले पाठ कसे द्यावेत, त्यासाठी कोणती साधने लागतात आणि मुलांच्या कोणत्या गैरसमजांकडे लक्ष पुरवावे, याचे विवेचन करावयाचे आहे. यातील बहुतेक पाठांना वीज लागत नाही व यंत्रही लागत नाही. द्विशिक्षकी शाळेत, चार वर्ग एका खोलीत बसले असतानाही ते घेता येतात.

१. शिकवावयाचे काय?

संगणक चालविणे आणि संगणकशास्त्र या दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. यंत्र सुरू करणे, अक्षरे टंकलिखित करणे, चित्र रंगविणे ही कौशल्ये उपयुक्त खरीच. पण यंत्रे दर काही वर्षांनी बदलतात. १९८४-८५ साली केंद्र सरकारने देशातील २५० शाळांत संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या शाळांत बी.बी.सी. मायक्रो नावाचे संगणक आले होते. ते यंत्र आज वस्तुसंग्रहालयातच पाहावयास मिळेल. मात्र त्या काळी ज्याने एखादे काम लहान लहान निःसंदिग्ध पायऱ्यांत मांडण्याची विद्या आत्मसात केली, त्याची विद्या आजही चालते. ही विद्या हाच आपल्या अध्यापनाचा विषय आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणिताबरोबरच संगणकीय विचारपद्धतीवर पायाभूत स्तरापासून भर देण्याचे व आज्ञावली-लेखनाचे उपक्रम इयत्ता सहावी ते आठवीच्या स्तरावर आणण्याचे म्हटले आहे. याचा अर्थ असा की पहिली ते पाचवीच्या शिक्षकाने त्या विचाराची जमीन नांगरून ठेवावयाची आहे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल यांनी इयन विटेन व माइक फेलोज यांच्या सहकार्याने १९९० च्या दशकात यंत्राविना संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ तयार केले; ते आज अनेक देशांत वापरले जातात. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी यांची 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला आणि ए.सी.एम. इंडिया या संस्थेने २०१६ पासून चालविलेला 'सीएस पाठशाला' हा उपक्रम याच दिशेचे आहेत.

साधने महाग असावी लागतात, ही समजूत महाराष्ट्रातील शिक्षणाने पूर्वीच खोटी ठरविली आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून आणि पुढे कोसबाड येथे जे बालशिक्षण चालविले, त्यात बिया, खडे, शिंपले यांतूनच शैक्षणिक साहित्य उभे राहिले. आपल्या भागात सरकी, ज्वारी व मक्याचे दाणे यांना तोटा नाही.

२. पहिला पाठ : कृतिक्रम

उद्दिष्ट : एखादे काम क्रमवार, निःसंदिग्ध व पूर्ण सूचनांच्या रूपाने मांडता येणे. अशा मांडणीस संगणकशास्त्रात 'अल्गोरिदम' म्हणतात. आपण तिला कृतिक्रम म्हणू.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे अध्यापनाचे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. खानदेशातील कोणत्याही मुलास वांग्याच्या भरताची कृती ठाऊक असते. प्रथम मुलांकडून ती तोंडी काढून घ्यावी आणि जशी येईल तशी फळ्यावर लिहावी. वांगी भाजा, साल काढा, बडगीत ठेचा, फोडणी द्या, असे काहीतरी येईल. यानंतर शिक्षकाने काहीच न समजणाऱ्या यंत्राची भूमिका घ्यावी. "भाजा म्हणजे किती वेळ? साल काळी पडेपर्यंत, हे तुम्ही कोठे सांगितले? फोडणी कशाला द्यावयाची, बडगीला की वांग्याला?" मुले हसतील, पण हसता हसता सूचना सुधारू लागतील.

पुढच्या तासास अंगणात चुन्याने किंवा खडूने सहा बाय सहा चौकटींचा पट आखावा. एका मुलास यंत्र करून एका कोपऱ्यात उभे करावे, समोरच्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवावा आणि मध्ये दोन-तीन चौकटींत दगड मांडून विहिरी कराव्यात. सूचना तीनच : 'एक घर पुढे', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ'. गटाने सर्व सूचना आधी पाटीवर लिहावयाच्या, नंतर दुसऱ्या गटाने त्या मोठ्याने वाचावयाच्या आणि यंत्राने त्या मुकाट्याने पाळावयाच्या. मध्ये सुधारणा करावयाची नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा. यंत्र विहिरीत गेल्यावर 'कोणती ओळ चुकली?' हे शोधणे हाच या पाठाचा गाभा आहे.

येथे मुलांची एक नेहमीची अडचण सांगणे अगत्याचे आहे. रॉय पी या अमेरिकन संशोधकाने १९८६ साली नवशिक्या विद्यार्थ्यांच्या चुकांचे वर्गीकरण करून दाखविले की त्यांतील पुष्कळशा चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते. यंत्राच्या आत कोणीतरी शहाणा बसला आहे व आपल्या मनातील हेतू तो ओळखून घेईल, ही ती समजूत होय. आईला "पाणी" एवढेच म्हटले तरी ती पेल्यातून आणून देते. यंत्र तसे करीत नाही. वळण्याच्या सूचनेत हा गोंधळ हमखास दिसतो. यंत्र झालेला मुलगा वर्गाकडे तोंड करून उभा असला की सांगणारी मुले स्वतःच्या उजवीकडे हात करतात. अशा वेळी सांगणाऱ्यास पटावर यंत्राच्या मागे उभे करावे. यंत्राच्या जागी जाऊन विचार करण्याची सवय त्याने लागते.

सूचना प्रमाण भाषेतच असाव्यात असा आग्रह पहिल्या पाठांत नको. घरी तावडी बोलणारे, अहिराणी बोलणारे आणि तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल आपल्या बोलीत अचूक सूचना देऊ शकत असेल, तर पाठ साधला. अट एवढीच की एका शब्दाचा एकच अर्थ गटाने आधी ठरवावा व शेवटपर्यंत पाळावा. संगणकाच्या भाषेचा मूळ नियमही हाच आहे.

३. दुसरा पाठ : जर, तर, नाहीतर

उद्दिष्ट : अटींनुसार निर्णय घेणारा कृतिक्रम लिहिता व तपासता येणे.

हा पाठ चौथी-पाचवीसाठी आहे. सी.सी.आय. या नावाने शेतकऱ्यांच्या परिचयाचे जे भारतीय कापूस महामंडळ आहे, त्याच्या हमीभाव खरेदीत कापसातील ओलावा मोजला जातो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव, ८ च्या वर १२ पर्यंत असल्यास भावात कपात, आणि १२ च्या वर गेल्यास खरेदी नाही, असा नियम आहे. घरी कापूस असलेल्या मुलांनी ही चर्चा ऐकलेली असते. ती वर्गात आणावी आणि फळ्यावर नियम असा लिहावा :

जर ओलावा १२ पेक्षा जास्त, तर कापूस परत.
नाहीतर, जर ओलावा ८ पेक्षा जास्त, तर कपातीने खरेदी.
नाहीतर, पूर्ण भाव.

आता चिठ्ठ्यांवर ६, ८, ९, १२, १३ हे आकडे लिहून पाच मुलांना 'कापसाच्या गाड्या' म्हणून उभे करावे. प्रत्येक गाडी नियमाच्या पहिल्या ओळीपासून चालवावी. बरोबर ८ व बरोबर १२ या सीमेवरील गाड्यांना विशेष महत्त्व द्यावे, कारण चुका सीमेवरच दडलेल्या असतात. 'जास्त' आणि 'जास्त किंवा तेवढाच' यांतील फरक मुलांना येथे कळतो. पुस्तकातील व्याख्येने तो कळत नाही.

यानंतर शिक्षकाने दुसरा एक नियम लिहावा :

जर ओलावा १२ किंवा त्याहून कमी, तर कपातीने खरेदी.
नाहीतर, जर ओलावा ८ किंवा त्याहून कमी, तर पूर्ण भाव.
नाहीतर, कापूस परत.

तिन्ही निर्णय यातही आहेत व वाक्ये वरवर पाहता बरोबर दिसतात. पण ६ टक्के ओलाव्याची गाडी चालवून पाहावी. पहिल्याच ओळीला ती अडकते आणि कोरड्या, चांगल्या कापसाच्या भावात कपात होते. पूर्ण भाव कोणाच्याच वाट्याला येत नाही. हे मुलांना स्वतः सापडू द्यावे. सापडले की एक प्रश्न विचारावा : "नुकसान कोणाचे झाले, आणि चूक कोणाची?" यंत्राने सांगितल्याप्रमाणे केले, ज्याने क्रम लिहिला, चूक त्याची. कोणाची शिष्यवृत्ती मंजूर व्हावी, कोणाचे नाव यादीत यावे, हे आज अनेक ठिकाणी अशाच जर-तर ओळींनी ठरते. 'संगणकाने सांगितले' या शब्दांपुढे मान तुकविणारा नागरिक आणि 'नियम कोणता व तो कोणत्या क्रमाने लावला' असे नम्रपणे विचारणारा नागरिक, यांतील दुसरा आपल्या शाळांतून घडावयाचा असेल, तर त्याची सुरुवात या पाठापासून होते.

४. तिसरा पाठ : दोन खुणांची लिपी

उद्दिष्ट : आकडे व अक्षरे केवळ दोन खुणांनी लिहिता येतात हे प्रत्यक्ष अनुभवणे.

पुठ्ठ्याची पाच पाने घ्यावीत. त्यांवर अनुक्रमे १, २, ४, ८ व १६ सरक्या डिंकाने चिकटवाव्यात. मागची बाजू कोरी ठेवावी. पाच मुलांना वर्गासमोर उभे करावे. बसलेल्या मुलांच्या उजव्या हातास १ चे पान, डाव्या हातास १६ चे. पान दाखविले तर त्यावरील सरक्या मोजावयाच्या, फिरविले तर सोडून द्यावयाच्या. "१९ दाखवा" म्हटल्यावर मुले काही वेळ पाने उलटसुलट करतील आणि १६, २ व १ वर येऊन थांबतील. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

नंतर शून्यापासून एकेक संख्या क्रमाने दाखवून घ्यावी. १ चे पान प्रत्येक वेळी उलटते, २ चे एकाआड एक, ४ चे दर चौथ्या वेळी, हे बसलेली मुलेच ओळखतील. पाचही पाने उघडली की ३१ होतात. सहावे पान असते तर त्यावर किती सरक्या असत्या? ३२. प्रत्येक पान मागील सर्व पानांच्या बेरजेहून एकाने अधिक असते, हा शोध तिसरीतील मुलेही लावतात. उघड्या पानास १ व फिरविलेल्यास ० लिहिले की १९ ही संख्या १००११ अशी लिहिली जाते. दशमान पद्धतीतील स्थानिक किंमत जिला नीट समजली नव्हती, अशा मुलीसही या खेळातून ती समजण्यास मदत होते, हा अधिक लाभ होय.

आता अक्षरांकडे यावे. क ला १, ख ला २, ग ला ३ असे वर्णमालेच्या क्रमाने आकडे द्यावेत. घ ला ४ व र ला २७ येतात. म्हणून 'घर' हा शब्द ००१०० व ११०११ असा पाठविता येतो. खोलीच्या एका टोकाच्या गटाने पाने उघडझाप करून शब्द पाठवावा, दुसऱ्या टोकाच्या गटाने तो उलगडावा. मग त्यांना 'सर' हा शब्द पाठविण्यास सांगावे. मुले अडतात. ष पर्यंत ३१ आकडे संपले, आणि स चा क्रमांक ३२! पाच पानांत शिक्षकांना हाक मारता येत नाही. सहावे पान हवे, हे मुलेच म्हणतील. आणि सहा पानांत ६३ पर्यंत जाता येते म्हणून ह आणि ळ यांचीही सोय होते. लिपीतील अक्षरे वाढली की खुणांची घरे वाढवावी लागतात, हे तत्त्व याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

जगातील लिप्यांसाठी १९९१ पासून जी यूनिकोड नावाची सर्वमान्य व्यवस्था आहे, तिच्या मूळ देवनागरी विभागात १२८ जागा राखलेल्या आहेत आणि त्यांत क चा क्रमांक २३२५ आहे. २०४८, २५६, १६, ४ व १ यांची बेरीज २३२५ होते. म्हणजे बारा पाने घेतली तर मोबाईलमधील खरा क आपल्या मुलांना वर्गात उभा करता येईल. सातवीच्या वर्गास हे अवश्य करून दाखवावे.

ज्या शिक्षकांनी वृत्ते शिकविली आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. लघु आणि गुरू या दोनच खुणा तीन जागी मांडल्या की आठ गण होतात, अधिकही होत नाहीत व कमीही होत नाहीत. असे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याची रीत, म्हणजे प्रस्तार, पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रात आली आहे.

या पाठाचे उपयोजन पाठ्यपुस्तकातच आहे. पानावरील क्यूआर कोडचा चौकोन मुलांसमोर ठेवावा. काळे घर व पांढरे घर या दोनच खुणांनी तो भरलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत अशा कोडचा वापर करून दाखविला व २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे मुलांना सांगावे. त्या चौकोनाचा थोडा भाग मळला तरी तो वाचला जातो, कारण चूक भरून काढण्यापुरत्या जादा खुणा त्यातच घातलेल्या असतात.

५. चौथा पाठ : शोधण्याची रीत

उद्दिष्ट : लावलेल्या यादीत शोध किती झपाट्याने होतो हे अनुभवणे.

शिक्षकाने १ ते ६४ मधील एक संख्या कागदावर लिहून ठेवावी. मुलांनी 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल असेच प्रश्न विचारावयाचे. "१ आहे का? २ आहे का?" असे विचारणाऱ्या गटास ६३ प्रश्नही लागू शकतात. "३२ पेक्षा मोठी आहे का?" असे विचारून दर वेळी निम्मा भाग टाकून देणारा गट सहा प्रश्नांत उत्तर काढतो. फळ्यावर ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे उतरते आकडे लिहावेत, म्हणजे सहा हा आकडा कोठून आला ते कळते. मागील पाठातील सरकीची पानेच उलट्या क्रमाने परत आली, हे एखादे मूल ओळखील. त्यास शाबासकी द्यावी.

हीच रीत शब्दकोशात चालते, कारण तेथील शब्द क्रमाने लावलेले असतात. वह्यांचा ढीग विस्कळीत असेल तर ती चालत नाही. म्हणून शोधण्यापूर्वी लावणे आले. आठ सारख्या डब्यांत कमीअधिक वाळू भरून त्यांची तोंडे बंद करावीत व तराजूच्या साहाय्याने ते वजनाच्या क्रमाने लावून घ्यावेत. एका वेळी दोनच डबे तोलावयाचे व प्रत्येक तोलाची रेघ मारावयाची. सर्वांत हलका निवडा, मग उरलेल्यांत सर्वांत हलका, या रीतीने २८ तोल होतात. आठाचे दोन भाग करून प्रत्येक भाग लावला आणि मग दोन्ही रांगांतील पुढचे डबे तोलून एक रांग केली, तर काम बरेच कमी तोलांत होते. दोन्ही रीती बरोबर, पण एक कमी श्रमाची. हा विचार मुलांच्या मनावर ठसावा.

मध्यावर थेट उडी मारता येणे हीही एक अट आहे, हे दाखविण्यास आपल्या तालुक्याचे उदाहरण पुरे आहे. २०२० पर्यंत धावलेल्या पाचोरा–जामनेर छोट्या गाडीत बसून पहूरला जावयाचे तर आधी शेंदुर्णी घ्यावीच लागे. पुस्तक मात्र हवे तेथे उघडता येते. संगणकाच्या साठवणुकीतही हे दोन्ही प्रकार असतात.

६. 'चल' शिकविताना डबा नको, पाटी हवी

पुढील वर्गांत चल ही कल्पना येते. तिला 'डबा' म्हणण्याचा प्रघात आहे. पण डब्याची उपमा मुलांची दिशाभूल करते. डब्यात आधी पाच लाडू असले व नंतर तीन टाकले तर आठ होतात. चलाचे तसे नाही. त्यात नवी किंमत आली की जुनी नाहीशी होते. यास्तव पाटीची उपमा द्यावी. 'गुण' असे नाव लिहिलेली पाटी एका मुलाच्या हाती द्यावी. तीवर ५ लिहावा. "गुण ३ करा" म्हटले की ५ पुसून ३ लिहावयाचा. "गुणात २ मिळवा" म्हटले की पाटीवर जे आहे ते वाचावयाचे, मनात बेरीज करावयाची, पुसावयाचे आणि उत्तर लिहावयाचे. वाचणे, करणे, पुसणे, लिहिणे हा क्रम हाताने दहा वेळा केलेल्या मुलास पुढे आज्ञावलीत 'गुण = गुण + २' ही ओळ दिसली तरी "हे समीकरण चूक आहे" असे वाटणार नाही. गणितातील बरोबरचे चिन्ह आणि हे चिन्ह यांचे अर्थ निराळे आहेत, हे शिक्षकाने स्पष्ट सांगावे.

७. यंत्रापाशी गेल्यावर

शाळेत चालता संगणक असल्यास तो कपाटात न ठेवता वापरात आणावा. त्यासंबंधी चार सूचना आहेत.

पहिली : कोऱ्या पडद्यापुढे मुलास बसवून "काहीतरी तयार कर" असे सांगू नये. स्वेलर व कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या संदर्भात दाखविले की नवशिक्यास सोडविलेली उदाहरणे अभ्यासण्याचा फार उपयोग होतो. आज्ञावलीच्या बाबतीतही तयार, चालणारी लहान आज्ञावली आधी द्यावी. मुलांनी ती वाचून 'काय होईल' याचे भाकीत वहीत लिहावे, मग चालवून पाहावी, कोणती ओळ काय करते ते सांगावे, एखादी किंमत बदलावी आणि शेवटी स्वतःची आज्ञावली लिहावी. सीमूर पॅपर्ट, वॅली फ्यूर्झिग व सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली मुलांसाठी तयार केलेल्या लोगो भाषेतील कासवाचे उदाहरण घेऊ : '४ वेळा करा : १०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे.' चौरस होतो. आता त्रिकोण करा म्हटले की बहुतेक मुले ३ वेळा व ६० अंश लिहितात, आणि त्रिकोण मिटत नाही. कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळते. पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिचे तीन समान भाग १२० अंशांचे. भूमितीचा हा धडा मुले विसरत नाहीत. हा पाठ अंगणात दोरी व चुना घेऊनही होतो.

दुसरी : संगणक एक व मुले अनेक असतील तेव्हा ओळींच्या चिठ्ठ्या कराव्यात. आज्ञावलीची प्रत्येक ओळ निराळ्या चिठ्ठीवर लिहून त्या मिसळाव्यात व क्रमाने लावण्यास सांगावे. न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली ही रीत मांडली. टंकलेखनाची अडचण तीत नसल्याने मुलाचे सर्व लक्ष विचाराकडे राहते.

तिसरी : मुलांना जोडीने बसवावे. एकाने टंकलिखित करावयाचे, दुसऱ्याने सांगावयाचे व तपासावयाचे. ठराविक वेळाने जागा बदलावयाची. ही अदलाबदल मुलांच्या मर्जीवर सोडू नये. सोडल्यास धीट मुलगा माऊस धरून बसतो आणि मुली पाहत राहतात, हे पुष्कळ वर्गांत दिसून येते. पाहण्याने पोहणे येत नाही. शिक्षकाने घड्याळ लावून टाळी वाजवावी.

चौथी : कापूसवेचणीच्या दिवसांत हजेरी रोडावते, हे लक्षात घेऊन प्रत्येक पाठ स्वयंपूर्ण ठेवावा. आठवडाभर शेतात असलेले मूल परत आले की मागील पाठ घेतलेल्या मुलाने त्यास तो खेळ शिकवावा. शिकविताना शिकविणाऱ्याचेही ज्ञान पक्के होते.

८. मूल्यमापन

'माऊसचे चार उपयोग लिहा' यासारख्या प्रश्नांनी या विषयाची पारख होत नाही. त्याऐवजी तीन प्रकारचे प्रश्न विचारावेत. भाकिताचा : 'पाटीवर ४ आहे. तीनदा २ मिळविले. आता पाटीवर काय?' (उत्तर १०.) चूकशोधनाचा : दिलेल्या सूचनांपैकी कोणत्या ओळीने यंत्र विहिरीत गेले? रचनेचा : शाळेच्या फाटकापासून पिण्याच्या पाण्यापर्यंतच्या सूचना नव्या मुलासाठी लिहा. उत्तर तपासताना सूचना खरोखर चालवून पाहावी. मूल बरोबर ठिकाणी पोहोचले तर उत्तर बरोबर. शिक्षकाच्या मनातील मार्गापेक्षा मार्ग निराळा असला तरी गुण कापू नयेत.

चूक झाल्याबद्दल या तासात कोणासही रागावू नये, ही शेवटची व महत्त्वाची सूचना. आज्ञावली लिहिणाऱ्या तज्ज्ञांचाही पुष्कळ वेळ स्वतःच्या चुका शोधण्यात जातो. आपली चूक आपण शोधली याचा आनंद ज्या मुलाने एकदा घेतला, ते मूल गणितात व भाषेतही खाडाखोडीला भिणार नाही.

केंद्रातील पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शिक्षकाने वरीलपैकी कोणतेही दोन पाठ आपल्या वर्गात घ्यावेत. पाठटाचणाच्या वहीत दोन गोष्टींची नोंद अवश्य करावी : मुले नेमकी कोठे अडली, आणि कोणत्या स्थानिक साधनाने ती अडचण सुटली. या नोंदी परिषदेत वाचल्या जाव्यात, म्हणजे एका शाळेचा अनुभव दुसऱ्या शाळेच्या उपयोगी पडेल आणि आपल्या तालुक्याची स्वतःची अशी पाठमाला तयार होईल.